मध्यवर्ती चेतासंस्थेचे संरक्षण आणि कापसाची शेती : परभणी जिल्ह्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

मानवी शरीरातील सर्वांत सुरक्षित ठेवलेला अवयव कोणता, असा प्रश्न विचारला तर शरीरशास्त्राचा अभ्यासक मेंदू आणि मेरुरज्जू यांचाच निर्देश करील. हृदय व फुप्फुसे यांना बरगड्यांचा पिंजरा आहे. परंतु त्यात फटी आहेत. मेंदूभोवती मात्र कवटीची अखंड पेटी आहे आणि मेरुरज्जूभोवती मणक्यांची साखळी आहे. त्यांच्या आत आवरणे, आवरणांमध्ये द्रव आणि रक्तवाहिन्यांच्या भिंतींत पहारा अशी एकामागून एक तटबंदी निसर्गाने उभी केली आहे. असे असतानाही विसाव्या शतकाच्या मध्यापासून कापूस पिकविणाऱ्या प्रदेशांत ही तटबंदी न फोडता, तिला वळसा घालून चेतासंस्थेवर आघात करणारी रसायने खेड्यापाड्यांत पोहोचली. त्यांना गावोगाव 'औषध' असे नाव मिळाले. 'आज कपाशीवर औषध मारायचे आहे' हे वाक्य परभणी जिल्ह्यात ज्याने ऐकले नाही असा माणूस विरळाच. आजाऱ्याला दिली जाणारी गोळी आणि किडीवर फवारले जाणारे विष यांना एकच शब्द वापरला जावा, ही बाब भाषेच्या अभ्यासकांइतकीच इतिहासाच्या अभ्यासकांनाही विचार करावयास लावणारी आहे.

चेतासंस्थेची रचना व कार्य हा सामान्यतः प्राणिशास्त्र आणि वैद्यकशास्त्र यांचा विषय मानला जातो, कापसाचा इतिहास हा अर्थशास्त्र व इतिहासाचा, आणि कीटकनाशकांचे नियमन हा विधिशास्त्राचा. शेतात फवारणी करणाऱ्या माणसाच्या शरीरात मात्र हे तिन्ही विषय एकत्र येतात. म्हणून प्रस्तुत निबंधात हा प्रश्न आंतरविद्याशाखीय दृष्टीने मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. मध्यवर्ती चेतासंस्थेची रचना, कार्य व निसर्गदत्त संरक्षण यांचा थोडक्यात परामर्श घेणे.
२. सेंद्रिय फॉस्फरस वर्गातील कीटकनाशकांचा उगम आणि परभणी जिल्ह्यातील कापूस शेतीत झालेले स्थित्यंतर यांचा परस्परसंबंध तपासणे.
३. चेतासंस्थेच्या संरक्षणासाठी कायद्याने व वैद्यकशास्त्राने केलेल्या उपायांची ऐतिहासिक चिकित्सा करणे.

मध्यवर्ती चेतासंस्थेची रचना व कार्य

मेंदू व मेरुरज्जू मिळून मध्यवर्ती चेतासंस्था बनते. प्रौढ माणसाच्या मेंदूचे वजन सुमारे १३०० ते १४०० ग्रॅम असते. शरीराच्या एकूण वजनाच्या मानाने हे प्रमाण जेमतेम २ टक्के असले, तरी शरीर वापरत असलेल्या ऑक्सिजनपैकी सुमारे २० टक्के ऑक्सिजन एकट्या मेंदूला लागतो. प्रमस्तिष्क हे विचार, स्मृती, वाणी व ऐच्छिक हालचालींचे केंद्र होय. अनुमस्तिष्क तोल व हालचालींतील सुसूत्रता राखते. मस्तिष्कपुच्छात श्वसन, हृदयाचे ठोके व रक्तदाब यांचे नियंत्रण करणारी केंद्रे आहेत. माणूस झोपेत असो वा बेशुद्ध, श्वास चालू राहतो तो या लहानशा भागामुळे. मेरुरज्जूतून चेतांच्या ३१ जोड्या निघतात आणि त्यांच्याद्वारे धड व हातापायांशी संदेशांची देवघेव चालते.

मेंदूत सुमारे ८६०० कोटी चेतापेशी आहेत, असा अलीकडचा अंदाज आहे. या पेशी एकमेकींना सलग जोडलेल्या नसून प्रत्येक पेशी स्वतंत्र आहे, हे स्पेनचे शास्त्रज्ञ सान्तियागो रामोन इ काहाल यांनी सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने दाखवून दिले. १९०६ साली त्यांना कामिल्लो गोल्जी यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. गोल्जी स्वतः मात्र चेतासंस्था हे अखंड जाळे आहे याच मताचे होते. काहाल यांचे मत पुढे सर्वमान्य झाले आणि त्यातून नवा प्रश्न उभा राहिला : पेशी जर वेगळ्या आहेत, तर एका पेशीचा संदेश मधली फट ओलांडून दुसरीकडे जातो कसा? या फटीलाच चेतासंधी म्हणतात आणि प्रस्तुत निबंधाचे सारे कथानक या चेतासंधीभोवती फिरते.

निसर्गदत्त संरक्षणाचे थर

मध्यवर्ती चेतासंस्थेचे संरक्षण चार थरांत पाहता येते. पहिला थर अस्थींचा. दुसरा मस्तिष्कावरणांचा, बाहेरचे जाड व चिवट आवरण, मधले कोळ्याच्या जाळ्यासारखे आणि आतले मेंदूला घट्ट चिकटलेले नाजूक आवरण. तिसरा थर प्रमस्तिष्क-मेरुद्रवाचा. हा द्रव एका वेळी सुमारे १५० मिलिलिटर असतो; पण दिवसभरात सुमारे ५०० मिलिलिटर तयार होतो आणि शोषलाही जातो. मेंदू या द्रवात जणू तरंगत असतो, त्यामुळे धक्का बसला तरी त्याचा जोर कमी होतो.

चौथा थर डोळ्यांना न दिसणारा आहे. १८८५ साली जर्मन शास्त्रज्ञ पाउल एर्लिश यांनी प्राण्यांच्या रक्तात रंगद्रव्य सोडले असता सर्व अवयव रंगले, मेंदू मात्र पांढराच राहिला. १९१३ मध्ये एडविन गोल्डमान यांनी रंगद्रव्य प्रमस्तिष्क-मेरुद्रवात सोडले, तेव्हा मेंदू रंगला आणि उर्वरित शरीर कोरडे राहिले. रक्त आणि मेंदू यांच्या दरम्यान एक अडसर आहे, हे त्यातून स्पष्ट झाले. मेंदूतील केशवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट सांधलेल्या असतात की पाण्यात विरघळणारी बहुतेक द्रव्ये त्यांतून पार होत नाहीत. स्निग्ध पदार्थांत विरघळणारे लहान रेणू मात्र पेशींच्या स्निग्ध आवरणातूनच आत शिरतात.

हा अपवाद महत्त्वाचा आहे. ज्या संकटांशी सजीवांची लाखो वर्षे गाठ पडली, त्या आघातांसाठी व रोगजंतूंसाठी ही तटबंदी घडली. माणसाने स्वतः निर्माण केलेल्या, त्वचेतून व श्वासातून सहज शिरणाऱ्या रेणूंचा अनुभव तिला नव्हता.

चेतासंधीचा शोध आणि विषाचा जन्म

१९२१ साली ऑटो लोवी यांनी बेडकाच्या दोन हृदयांवर एक साधा प्रयोग केला. पहिल्या हृदयाची चेता उद्दीपित केल्यावर त्याचे ठोके मंदावले. त्या हृदयाभोवतीचा द्रव दुसऱ्या हृदयाला दिला, तेव्हा त्याचेही ठोके मंदावले. चेतेचा संदेश रसायनाच्या रूपाने जातो, हे यातून सिद्ध झाले. ते रसायन म्हणजे ॲसिटिलकोलीन. इंग्लंडमध्ये हेन्री डेल यांनी या संशोधनाला व्यापक पाया दिला. १९३६ चे नोबेल पारितोषिक या दोघांना विभागून देण्यात आले.

ॲसिटिलकोलीनने संदेश पोहोचविल्यावर ते तत्काळ नष्ट होणे आवश्यक असते, अन्यथा संदेश थांबणारच नाही. हे काम ॲसिटिलकोलिनेस्टरेज नावाचे विकर करते. या विकराचा एक रेणू दर सेकंदाला ॲसिटिलकोलीनच्या हजारो रेणूंचे विघटन करतो. दिवा लावणे जितके गरजेचे तितकेच तो वेळेवर विझविणेही गरजेचे असते. चेतासंधीवर दिवा विझविण्याचे काम हे विकर करते.

ज्या १९३६ साली लोवी व डेल यांना पारितोषिक मिळाले, त्याच वर्षाच्या डिसेंबरात जर्मनीत गेरहार्ड श्राडर हे रसायनशास्त्रज्ञ नव्या कीटकनाशकाच्या शोधात असताना 'टाबून' हे सेंद्रिय फॉस्फरस संयुग त्यांच्या हाती आले. काही दिवसांतच स्वतः श्राडर व त्यांचे सहकारी यांच्या डोळ्यांच्या बाहुल्या आकुंचित झाल्या, श्वास घेणे जड झाले आणि त्यांना काही आठवडे कामापासून दूर राहावे लागले. हे संयुग लष्कराकडे गेले. १९३८ मध्ये 'सारिन' तयार झाले. १९४४ मध्ये श्राडर यांनी 'पॅराथिऑन' हे संयुग बनविले आणि महायुद्धानंतर ते शेतीसाठी जगभर विकले गेले. युद्धातील विषारी वायू आणि शेतातील कीटकनाशक ही एकाच कुळातील भावंडे आहेत. दोन्ही ॲसिटिलकोलिनेस्टरेजला जखडून ठेवतात. दोघांत फरक आहे तो तीव्रतेचा; कार्यपद्धती एकच आहे.

कीटक व माणूस यांच्यात उत्क्रांतीचे कितीही अंतर असले, तरी ॲसिटिलकोलीन दोघांच्याही चेतासंस्थेत आहे. जे रसायन किडीची चेतासंस्था बंद पाडते ते माणसाचीही बंद पाडू शकते. प्रश्न केवळ मात्रेचा व संपर्काचा असतो.

परभणीचा कापूस : गावरानीपासून संकरितापर्यंत

ही रसायने परभणीच्या शेतात कशी आली हे समजण्यासाठी येथील कापसाचा इतिहास पाहणे आवश्यक आहे. परभणी जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९५६ मध्ये तो द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. १ मे १९९९ रोजी त्यातून हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा वेगळा झाला. गोदावरी, पूर्णा व दुधना या नद्यांच्या खोऱ्यांतील काळी कसदार जमीन, मनमाड-हैदराबाद लोहमार्ग, आणि सेलू, मानवत, परभणी येथील बाजारपेठा व जिनिंग कारखाने यांमुळे येथे कापूस हे प्रमुख नगदी पीक बनले.

त्या काळी येथे पिकणारा कापूस देशी होता. 'हैदराबाद गावरानी' या नावाने तो व्यापारात ओळखला जाई. देशी कपाशीची मुळे खोल जातात, ती पाण्याचा ताण सोसते आणि तुडतुडे, मावा, फुलकिडे यांसारख्या रस शोषणाऱ्या किडींना बऱ्याच प्रमाणात दाद देत नाही. परभणीतील मेहबूब बाग येथील कापूस संशोधन केंद्राने देशी वाणांवर दीर्घकाळ काम केले. 'परभणी तुराब' हा तेथील वाण जाणकारांच्या परिचयाचा आहे.

१९५६ साली परभणीत कृषी महाविद्यालय सुरू झाले आणि १८ मे १९७२ रोजी मराठवाडा कृषी विद्यापीठाची स्थापना झाली. २०१३ पासून ते वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ या नावाने ओळखले जाते. याच सुमारास देशात संकरित कपाशीचे युग सुरू झाले होते. १९७० मध्ये गुजरातेतील सुरत येथे डॉ. सी. टी. पटेल यांनी 'एच-४' हा व्यापारी लागवडीसाठीचा जगातील पहिला संकरित कापूस दिला. मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या नांदेड येथील केंद्रातून १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात 'एनएचएच-४४' हा संकरित वाण आला आणि कोरडवाहू शेतकऱ्यांत तो अतिशय लोकप्रिय ठरला. उत्पादन वाढले, शेतकऱ्याच्या हाती पैसा आला. हे यश नाकारण्याचे कारण नाही. परंतु अमेरिकन जातीच्या या कपाशीबरोबर खतांची, पाण्याची आणि किडींची मागणीही वाढली. देशी कपाशी स्वतःचे संरक्षण बरेचसे स्वतः करीत असे. नव्या कपाशीच्या संरक्षणाची जबाबदारी माणसाच्या पाठीवरील पंपावर आली.

१९९० च्या दशकात देशातील एकूण पीकक्षेत्राच्या जेमतेम ५ टक्के क्षेत्र कापसाखाली असताना कीटकनाशकांचा सुमारे निम्मा वापर एकट्या कापसावर होत असे, असे सर्वसाधारणपणे नमूद केले जाते. मोनोक्रोटोफॉस, क्विनॉलफॉस, क्लोरपायरीफॉस, ॲसिफेट, डायमिथोएट ही नावे शाळेत न गेलेल्या मजुराच्याही तोंडी आली. २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाल्यावर बोंडअळीवरील फवारण्या प्रथम कमी झाल्या. मात्र बीटीचा गुण अळीपुरता मर्यादित होता. रस शोषणाऱ्या किडींसाठी फवारणी चालूच राहिली आणि पुढे गुलाबी बोंडअळीने बीटीलाही दाद देणे सोडले. अशा रीतीने पंप पाठीवरून उतरलाच नाही.

विषबाधेचे स्वरूप

फवारणी करणाऱ्याच्या शरीरात विष तीन वाटांनी शिरते : त्वचा, श्वास व तोंड. पंप गळत असेल तर पाठ व कंबर भिजते. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारले तर तुषार चेहऱ्यावर येतात. हात न धुता भाकरी खाल्ली किंवा तंबाखू मळली तर ते तोंडात जाते. घामेजलेली व उन्हाने तापलेली त्वचा विष अधिक शोषते, आणि कपाशीवरील फवारणी नेमकी पावसाळ्याच्या उत्तरार्धातील दमट उकाड्यात होते. तोंडावरील ओला रुमाल संरक्षण देण्याऐवजी विष त्वचेशी धरून ठेवतो.

क्लोरपायरीफॉससारखी काही रसायने शरीरात शिरताना तितकीशी प्रभावी नसतात. यकृतात त्यांचे रूपांतर अधिक विषारी संयुगात होते. ज्या अवयवाचे काम विष निकामी करण्याचे, तोच ते धारदार करून देतो. त्यानंतर ॲसिटिलकोलिनेस्टरेज जखडले जाते आणि चेतासंधीवर ॲसिटिलकोलीन साचत जाते. लाळ, घाम व अश्रू वाहू लागतात, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, उलट्या-जुलाब होतात, श्वासनलिका स्रावांनी भरते. स्नायू प्रथम थरथरतात आणि नंतर लुळे पडतात. हा रेणू मेंदूचा अडसर ओलांडतो, तेव्हा अस्वस्थता, गोंधळ, आकडी व बेशुद्धी येते आणि मस्तिष्कपुच्छातील श्वसनकेंद्र मंदावते. मृत्यू बहुधा श्वास थांबल्याने होतो. कवटी अभंग असते, आवरणे शाबूत असतात, मेरुद्रव स्वच्छ असतो. आतला कारभार मात्र थांबलेला असतो.

पहिल्या तडाख्यातून रुग्ण वाचला तरी धोका टळत नाही. १९८७ मध्ये श्रीलंकेतील सेनानायके व करलियद्द या वैद्यांनी, विषबाधेनंतर एक ते चार दिवसांनी मानेचे व श्वसनाचे स्नायू लुळे पडण्याचा वेगळा प्रकार नोंदविला. काही संयुगांमुळे दोन-तीन आठवड्यांनी पायांत लुळेपणा येतो. त्यात लांब चेतातंतूंबरोबर मेरुरज्जूतील मार्गांचीही हानी होते. १९३० मध्ये अमेरिकेत आल्याच्या अर्कात भेसळ केलेल्या अशाच एका फॉस्फरस संयुगामुळे हजारो माणसे पांगळी झाली होती.

उताऱ्याचा इतिहास

या विषावर उतारा म्हणून वापरले जाणारे मुख्य औषध म्हणजे ॲट्रोपिन. ते बेलाडोना वनस्पतीपासून मिळाले. आपल्याकडे बांधावर उगवणारा धोतरा त्याच कुळातील असून त्यातही याच गटातील द्रव्ये आढळतात. आफ्रिकेतील कॅलाबार घेवड्यातील विष कोलिनेस्टरेजला रोखते; ॲट्रोपिन त्या विषाच्या विरुद्ध कार्य करते, हे एकोणिसाव्या शतकातच लक्षात आले होते. ॲट्रोपिन श्वासनलिकेतील स्राव व हृदयाची मंदगती यांवर गुणकारी ठरते आणि मेंदूतही पोहोचते. परंतु स्नायूंचा लुळेपणा त्याने हटत नाही. त्यासाठी १९५० च्या दशकात अमेरिकेत अर्विन विल्सन यांच्या संशोधनातून प्रॅलिडॉक्सिम पुढे आले. जखडलेल्या विकराला मोकळे करणे हा त्याचा गुण होय. मात्र विष व विकर यांची गाठ काही काळाने पक्की होते आणि मग हे औषध निरुपयोगी ठरते. शिवाय ते मेंदूचा अडसर फारसे ओलांडत नाही. विष ज्या दारातून आत जाते, त्या दारात उतारा अडतो.

या औषधाच्या मात्रेसंबंधीचे एक महत्त्वाचे संशोधन महाराष्ट्रातील ग्रामीण भागात झाले, ही उल्लेखनीय बाब होय. बारामती येथील रुग्णालयात डॉ. पवार व सहकाऱ्यांनी २०० रुग्णांवर केलेली चाचणी २००६ मध्ये 'द लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. प्रॅलिडॉक्सिम मोठ्या मात्रेत सलग दिल्यास लाभ होतो, असा तिचा निष्कर्ष होता. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या श्रीलंकेतील चाचणीत मात्र तसा लाभ दिसला नाही. वाद मिटला नसला तरी एका मुद्द्यावर दुमत नाही : वेळ आणि श्वासोच्छ्वासाला कृत्रिम आधार देण्याची सोय यांवर रुग्णाचे आयुष्य अवलंबून असते. परभणीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२३ मध्ये सुरू झाले. तोपर्यंत जिल्ह्यातील अत्यवस्थ रुग्णाला जिल्हा रुग्णालयापुढील शासकीय उपचारांसाठी नांदेड, अंबाजोगाई किंवा छत्रपती संभाजीनगर (तेव्हाचे औरंगाबाद) येथे न्यावे लागे. पालम किंवा सोनपेठ तालुक्यातील शिवारातून हा प्रवास किती तासांचा होत असेल, याची कल्पना करता येईल.

कायद्याचे कवच

भारतात कीटकनाशकांच्या नियमनाची सुरुवात एका दुर्घटनेतून झाली. १९५८ मध्ये केरळात पॅराथिऑनने दूषित झालेले धान्य व साखर पोटात गेल्याने शंभरहून अधिक माणसे दगावली. त्यानंतरच्या चौकशीतून कीटकनाशक अधिनियम, १९६८ आणि कीटकनाशक नियम, १९७१ अस्तित्वात आले. वेष्टनावर विषाच्या तीव्रतेनुसार लाल, पिवळा, निळा व हिरवा असे रंगीत त्रिकोण आणि अतिविषारी द्रव्यांवर कवटी व हाडांचे चिन्ह ही व्यवस्था याच नियमांची. मेंदूचे रक्षण करणारी कवटी येथे धोक्याची खूण म्हणून छापली गेली.

१९७१ चे नियम वाचताना त्यांतील दूरदृष्टी जाणवते. कीटकनाशक हाताळणाऱ्यांची वैद्यकीय तपासणी, संरक्षक कपडे, श्वसनाची साधने, प्रथमोपचार, उताऱ्याचा साठा आणि कामगारांचे प्रशिक्षण यांची तरतूद त्यांत आहे. सेंद्रिय फॉस्फरस रसायनांशी काम करणाऱ्यांच्या रक्तातील कोलिनेस्टरेज ठरावीक मुदतीने तपासावे, असेही त्यांत अपेक्षित आहे. म्हणजे चेतासंस्थेवर होणारा आघात लक्षणे दिसण्यापूर्वीच ओळखता येतो, हे ज्ञान कायदा करणाऱ्यांना होते.

मात्र मूळ अधिनियमाच्या ३८ व्या कलमात एक सूट आहे. स्वतःच्या घरगुती वापरासाठी, परसबागेसाठी किंवा स्वतः कसत असलेल्या जमिनीवर कोणी कीटकनाशक वापरत असेल, तर त्या वापराला हा अधिनियम लागू होत नाही. छोट्या शेतकऱ्याला परवाने व तपासण्यांचा जाच होऊ नये, असा हेतू यामागे असावा आणि तो गैर म्हणता येणार नाही. परंतु परिणाम असा झाला की, कारखान्यातील व गोदामातील कामगारासाठी आखलेले संरक्षण शेताच्या बांधापाशी येऊन थांबले. बांधाच्या आत शेतकरी स्वतःच मालक, स्वतःच कामगार आणि स्वतःच निरीक्षक ठरला. त्याच्याकडे रोजाने फवारणी करणारा मजूर तर व्यवहारात कोणत्याच यादीत राहिला नाही. फवारणीचे पाणी वाहून आणणाऱ्या आणि दुसऱ्या दिवशी त्याच शेतात खुरपणीला जाणाऱ्या स्त्रिया, तसेच विषाने भिजलेले कपडे घरी धुणाऱ्या गृहिणी यांचा विचार या रचनेत कोठेच आढळत नाही.

पुढील काळात रसायनांवर क्रमाक्रमाने बंदी आली. मोनोक्रोटोफॉसचा भाजीपाल्यावरील वापर २००५ मध्ये निषिद्ध झाला. २०१३ मध्ये बिहारमधील सारण जिल्ह्यात शालेय भोजनातून याच रसायनाची बाधा होऊन २३ बालके मृत्युमुखी पडली. २०१८ च्या आदेशाने मिथाइल पॅराथिऑन, डायझिनॉन, फेंथिऑन आदींवर तत्काळ, तर फोरेट, ट्रायझोफॉस, फॉस्फॅमिडॉन, डायक्लोरव्हॉस यांवर ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आली. २०२३ मध्ये मोनोक्रोटोफॉसच्या कापसावर प्रचलित असलेल्या ३६ टक्के द्रावणाचे उत्पादन थांबविण्याचा निर्णय झाला. या वाटचालीस अर्धशतकाहून अधिक काळ लागला. शेजारच्या श्रीलंकेने तीव्र विषारी गटातील उर्वरित कीटकनाशकांवर १९९५ मध्येच निर्बंध आणले आणि पुढील दहा वर्षांत तेथील आत्महत्यांचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले. कर्जाने व नापिकीने ग्रासलेल्या मराठवाड्याला या उदाहरणाचे मोल वेगळे सांगण्याची गरज नाही. क्षणिक निराशेच्या वेळी घरात तीव्र विष नसणे, हेही चेतासंस्थेचे व जीविताचे संरक्षणच होय.

२०१७ चा धडा

२०१७ च्या खरीप हंगामात विदर्भातील यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा मृत्यू झाला आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. डोक्याइतकी उंच वाढलेली कपाशी, दोन-तीन रसायनांची मिश्रणे, अधिक दाबाने बारीक तुषार उडविणारे नवे पंप आणि संरक्षक साधनांचा अभाव अशी कारणे पुढे आली. शासनाने विशेष तपास पथक नेमले, काही रसायनांच्या विक्रीवर तात्पुरती बंदी घातली, हातमोजे-मुखपट्ट्यांचे वाटप झाले.

यवतमाळची कपाशी आणि परभणीची कपाशी यांत फरक नाही. जमीन काळीच, पाऊस लहरीच, पंप तोच आणि बाटलीवरील त्रिकोणही तोच. म्हणून ही घटना एका जिल्ह्याची मानणे योग्य होणार नाही. तिने १९७१ च्या नियमांत जे लिहिले होते आणि १९६८ च्या अधिनियमाने जे वगळले होते, त्यांतील अंतर उघड केले. आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावयास हवी. तीव्र विषबाधेची नोंद निदान रुग्णालयात होते; परंतु हंगामभर डोके जड राहणे, हात थरथरणे, झोप न लागणे, विसराळूपणा अशा तक्रारींची नोंद कोठेच होत नाही. 'औषध लागले' असे म्हणून माणूस एक दिवस पडून राहतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पंप उचलतो.

निष्कर्ष

प्रस्तुत विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. मध्यवर्ती चेतासंस्थेचे निसर्गदत्त संरक्षण आघात व जंतू यांच्यासाठी प्रभावी असले, तरी स्निग्धद्राव्य रसायनांपुढे ते अपुरे ठरते. अशा रसायनांपासूनचे संरक्षण शरीराबाहेरच, म्हणजे कायदा, तंत्रज्ञान व सामाजिक व्यवस्था यांतूनच उभे राहू शकते.

२. परभणी जिल्ह्यात देशी कपाशीकडून संकरित कपाशीकडे झालेले स्थित्यंतर हे केवळ उत्पादनवाढीचे स्थित्यंतर नव्हते. पिकाच्या अंगच्या प्रतिकारशक्तीची जागा माणसाने पाठीवर वाहिलेल्या रसायनांनी घेतली, हाही त्याचा एक अर्थ आहे. मेहबूब बागेतील देशी वाणांवरील संशोधनाकडे या दृष्टीने पाहिल्यास ते आरोग्यरक्षणाचेही कार्य ठरते.

३. १९७१ च्या नियमांतील संरक्षणाची कल्पना शास्त्रशुद्ध होती. तिची मर्यादा ज्ञानाची नसून व्याप्तीची होती. स्वतःच्या जमिनीवरील वापराला दिलेल्या सूटीमुळे ज्याला संरक्षणाची सर्वाधिक गरज होती तोच त्याबाहेर राहिला. २००८ व २०२० मध्ये राज्यसभेत मांडल्या गेलेल्या कीटकनाशक व्यवस्थापन विधेयकांची चर्चा करताना हा मुद्दा केंद्रस्थानी असणे आवश्यक होते.

४. कोलिनेस्टरेजची रक्ततपासणी ही साधी व जुनी चाचणी आहे. हंगामापूर्वी व हंगामात फवारणी करणाऱ्यांची ही तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रांतून झाल्यास पुष्कळ धोका वेळीच ओळखता येईल.

अखेरीस महाविद्यालयीन अध्यापकांच्या दृष्टीने एक नम्र सूचना करावीशी वाटते. आपल्या वर्गांत बसणारे बहुसंख्य विद्यार्थी कापूस पिकविणाऱ्या घरांतूनच येतात. प्राणिशास्त्राचा अध्यापक फळ्यावर चेतासंधीची आकृती काढतो, रसायनशास्त्राचा अध्यापक फॉस्फरसची संयुगे शिकवितो आणि इतिहासाचा अध्यापक हरितक्रांतीचा काळ सांगतो. परंतु हे तिन्ही विषय आपल्या वडिलांच्या पाठीवरील पंपात एकत्र आले आहेत, हे त्या विद्यार्थ्याला कोणीच सांगत नाही. या विभागांनी एकत्र येऊन गावोगावच्या फवारणीच्या आठवणी, वापरलेली रसायने व झालेले त्रास यांच्या नोंदी गोळा केल्या, तर जिल्ह्याच्या इतिहासातील एक न लिहिलेले प्रकरण लिहिले जाईल. आणि त्या निमित्ताने एखाद्या घरात तरी 'औषध' हा शब्द बदलून 'विष' असा योग्य शब्द वापरला जाऊ लागला, तर ते संरक्षणाच्या दिशेने पडलेले पहिले पाऊल ठरेल.